एक वाक्य घेऊन तंजावरला

गुरुवारी दुपारी सीनूची ईमेल आली: "रविवारी कुंभकोणमला मुलगी पाहायला जातोय. आईने ठरवलंय. तू कशी आहेस?" मी ती दोनदा वाचली, साहेबांकडे जाऊन दोन दिवसांची रजा मागितली आणि संध्याकाळी बंगलोर स्टेशनवर तिकिटाच्या रांगेत उभी राहिले.

ही सहल जुनी आहे. सायबर कॅफेत तासाला वीस रुपये मोजायचो त्या काळातली. तेव्हा खाली दिलेले दर आजच्या हिशेबाने पाच-सहा पटींनी वाढवून घ्या. रस्ते मात्र तेच आहेत.

सीनू म्हणजे श्रीनिवास राव. आम्ही दोघं बंगलोरला एकाच कंपनीत सॉफ्टवेअर तपासायचं काम करत होतो. मी नाशिकची, तो तंजावरचा, आणि आमच्या मजल्यावर मराठी बोलणारे आम्ही दोघंच. त्याच्या घरी तीनशे वर्षांपूर्वी तिकडे गेलेली मराठी बोलली जाते. तो 'झालं'ला 'जालं' म्हणायचा, 'सगळं'ला 'असकं', आणि वाक्याचा शेवट तमिळसारखा वर उचलायचा. देवनागरी त्याला वाचता येत नव्हती. आमची मैत्री जमली ती मात्र जपानी चित्रकथांवरून. कुठल्याशा चाहत्यांनी इंग्रजीत आणलेल्या मारामारीच्या मंगा त्याला सीडीवर मिळायच्या. जेवणाच्या सुट्टीत एका संगणकापुढे दोन खुर्च्या ओढून आम्ही त्या उजवीकडून डावीकडे वाचायचो.

माझं भांडण त्यातल्या प्रेमाशी होतं. नायक डोंगर फोडतो, समुद्र दुभंगतो, पण लहानपणापासून सोबत असलेल्या मैत्रिणीला एक वाक्य सांगू शकत नाही. ती बिचारी प्रत्येक लढाईनंतर त्याच्या जखमा बांधते. शेवटी एकदाचा तो तोंड उघडतो, तर नेमका मागे स्फोट होतो आणि तिला काही ऐकू जात नाही. आणि शेवटच्या पानावर एकदम दहा वर्षांनंतर, त्यांना मूल. विचारलं कोणी, कधी, कुठे, ते कुणीच दाखवत नाही.

"तिच्यापुढं उभा राहून त्यानं मार खाल्ला," सीनू म्हणायचा. "आणखी काय बोलावं?"

"बोलावं. तिला कळायला नको?"

"तिला कळलंय. पाहा तिचे डोळे."

मग या सहलीच्या आठ महिने आधी त्याचे वडील आजारी पडले आणि तो नोकरी सोडून घरी गेला. तिथल्या एका कॉलेजात शिकवायला लागला. मी इथे त्याच्या ईमेलची वाट पाहत बसले आणि हळूहळू माझ्या लक्षात आलं की जखमा बांधणारी ती मुलगी मीच आहे. म्हणून ही तिकिटाची रांग.

शुक्रवारी सकाळी तिरुचिरापल्लीला उतरले. तिथून तंजावरच्या बस दर दहा मिनिटांनी सुटतात. दीड तास, पंधरा-सोळा रुपये. डाव्या खिडकीशी बसा, सकाळचं ऊन लागत नाही. दोन्ही बाजूंना भातशेती आणि केळीच्या बागा. मला मात्र त्यातलं फारसं दिसलं नाही. मी वाक्य पाठ करत होते.

जुन्या बसस्टँडजवळच्या लॉजवर एकशे ऐंशी रुपयांत खोली घेतली. मॅनेजरने वही पुढे करत इंग्रजीत विचारलं, "मिस्टर मागून येतायत?"

"नाही. एकटीच."

"देवदर्शन?"

"काम आहे," मी म्हटलं आणि सही केली.

सीनूचं घर राजवाड्यामागच्या गल्लीत. त्याला आदल्या दिवशी फोन केला होता, तरी दार त्याच्या आईने उघडलं. काठाची सुती साडी, नाकात दोन्ही बाजूंना चमकी. माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहून त्या म्हणाल्या, "येकटी आलीस? दमली असशील. हात पाय धू, कापी देत्ये." जेवायला सांबार-भात आणि दह्यात कालवलेलं उडदाचं पीठ होतं. ते त्याला डांगर पच्चडी म्हणतात. आमच्याकडेही डांगरच म्हणतात, हे ऐकून त्या इतक्या खूश झाल्या की मला दोनदा वाढलं. सीनूचे वडील खाटेवरून ऐकत होते. "महाराष्ट्रांत अजून डांगर करतात," त्यांनी बायकोला पुन्हा सांगितलं, जणू दूरच्या भावाची खुशाली कळली.

दुपारी सरस्वती महाल ग्रंथालय पाहिलं. संग्रहालयाचा भाग तासाभरात होतो, शुक्रवारी उघडा होता पण तुम्ही विचारूनच जा. संध्याकाळी आम्ही मोठ्या देवळात गेलो. तिथल्या भिंतीवर मराठीत कोरलेला तंजावरच्या भोसले राजांचा इतिहास आहे, ओळीमागून ओळ. सीनू लहानपणापासून त्या भिंतीवरून हात फिरवत आला होता, पण त्याने ती कधी वाचली नव्हती. मी अडखळत वाचायला लागले. तो शेजारी उभा राहून ऐकत होता, माझ्या तोंडाकडे बघत.

"पुन्हा वाच," तो म्हणाला.

मी पुन्हा वाचलं. दगड दिवसभराच्या उन्हाने तापलेले होते, तळवे भाजत होते, आणि मला वाटलं, याला कळलंय. पाहा त्याचे डोळे.

तेव्हाच बोलायला हवं होतं. पण त्याचे एक सर भेटले, मग अंधार पडला, आणि मी लॉजवर परत आले ती स्वतःवर चिडूनच. उद्या काहीही झालं तरी बोलायचं, असं ठरवून झोपले.

शनिवारी सकाळी ओरत्तनाडू. तंजावरहून पाऊण तास, टाउन बसला सहा रुपये. इथे मुक्तांबाळ छत्रम आहे. सरफोजी राजाने आपल्या लाडक्या प्रेयसीच्या, मुक्तांबाळच्या आठवणीत बांधलेली धर्मशाळा. वाटसरूंना इथे फुकट जेवण मिळायचं. लाकडी खांब सुरेख आहेत आणि एका बाजूला दगडात हत्ती-घोडे असे कोरलेत की अख्खी इमारत ते ओढून नेतायत असं वाटावं. फारसं कोणी येत नाही. आवारात शाळा भरली होती आणि मुलं तमिळमधून पाढे म्हणत होती.

आम्ही पायरीवर बसलो. सीनू म्हणाला, "ती गेल्यावर राजानं हे बांधलं."

"सीनू, मला तू आवडतोस," मी म्हटलं. "मित्र म्हणून नाही. मला तुझ्याशी लग्न करायचंय. उद्या तू कुंभकोणमला जायच्या आत हे तुला माहीत असावं म्हणून आले."

स्फोट झाला नाही. पाढे चालू होते, पण शब्द न् शब्द त्याला ऐकू गेला होता. त्याने हातातली पाण्याची बाटली खाली ठेवली.

"मला ठाऊक नव्हतं," तो म्हणाला. "खरंच नव्हतं."

"मला ताप आला होता तेव्हा तू तीन दिवस रसम घेऊन येत होतास. बस बदलून."

"तुज ताप होता," तो म्हणाला.

एवढंच. त्याच्या आवाजात कसलीही लपवाछपवी नव्हती. आणि मला दिसलं की दोन वर्षं मी त्याच्या प्रत्येक कृतीचा अर्थ त्या चित्रकथांच्या रीतीने लावत होते. मुलगा छत्री देतो म्हणजे हे, मुलगा जागा धरतो म्हणजे ते. न बोलण्याला मी हसत होते, आणि न बोललेलं वाचायलाही मीच बसले होते.

"मंजिरी, मी तुज खोटं सांगत नाही," तो म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. "तूं माझी मैत्रीण. तेवढंच. पण तेवढंच म्हणजे थोडं नव्हे."

"बरं," मी म्हटलं. माझा आवाज ठीक निघाला. मग मी त्या हत्ती-घोड्यांना वळसा घालून मागच्या बाजूला गेले आणि तिथे पोटभर रडले. तो मागे आला नाही, ते मला बरं वाटलं. परत आले तेव्हा तो तिथेच बसला होता. त्याने नुसती बाटली पुढे केली. मी पाणी प्यायले.

परतीच्या बसमध्ये गर्दी होती. त्याने धावत जाऊन माझ्यासाठी जागा धरली आणि स्वतः उभा राहिला. मी बसले. जागा म्हणजे जागा.

निघताना त्याच्या आईने डांगराच्या पिठाची पुडी दिली. त्यांना काही कळलं होतं का, माहीत नाही. त्यांनी माझ्या गालावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "पुन्हा ये, बाळा." बसस्टँडवर सीनूने विचारलं, "उद्या जाऊं काय?"

"जा. आणि तिला काय हवंय ते तूच विचार. मोठ्यांना विचारू देऊ नकोस."

त्याने मान हलवली. बस सुटेपर्यंत तो उभा होता.

रविवारी बंगलोरला पोचले. अंघोळ केली, झोपले, उठले आणि कोपऱ्यावरच्या फोन बूथवरून नाशिकला आईला फोन लावला. तंजावर पाहून आले म्हणून देवळाचं सांगायचं होतं, पण तोंडातून सरळ निघालं, "आई, मी एका मुलाला लग्नाचं विचारायला गेले होते. तो नाही म्हणाला."

बूथवाल्याच्या यंत्रावर आकडे पळत होते. ती रागावणार याची मी तयारी केली.

"तू स्वतः विचारलंस?" तिने विचारलं.

"हो."

"समोर बसून?"

"हो."

"मी पत्र लिहिलं होतं," आई म्हणाली. "तुझ्या बाबांच्या आधी. चार दिवस पर्समध्ये होतं, मग फाडलं. तो काय म्हणाला असता, ते मला अजून माहीत नाही." मग म्हणाली, "नाव विचारू नकोस."

मी विचारलं नाही.

नंतर तीन महिने मी सीनूला लिहिलं नाही, त्यानेही नाही. मग लग्न ठरल्याची त्याची ईमेल आली. मुलगी तीच, कुंभकोणमची. तिला बी.एड. पूर्ण करायचं होतं, ते त्याने विचारल्यावर तिने सांगितलं, आणि लग्न त्यासाठी वर्षभर पुढे ढकललं होतं. मला वाईट वाटलं आणि बरंही वाटलं. लग्नाला मात्र मी गेले नाही. तेवढी तयारी झाली नव्हती.

लग्नानंतरच्या जानेवारीत आईला घेऊन गेले. जायचं तर जानेवारीतच जा. पाऊस संपलेला असतो, कालव्यांना पाणी असतं आणि दगड पायांना भाजत नाहीत. सीनूच्या घरी आम्ही जेवलो. ओरत्तनाडूला आई आणि मी दोघीच गेलो. ती पायऱ्यांवर पाय सोडून बसली आणि मुक्तांबाळबद्दल मला येत होतं तेवढं मी सांगितलं. मग कोणी न विचारता, समोर बघत, आईने एक नाव घेतलं. मी ते इथे लिहिणार नाही. आईने ते मोठ्याने, पूर्ण आडनावासकट घेतलं, आणि मग म्हणाली, "चल, परतीची बस बघू."