राजीखुशीचा फोटो

कोल्हापुरात कुणाचा फोटो काढणं हे जमीन खरेदी करण्याइतकंच गंभीर काम आहे असं मानणारा एकच इसम आजवर जन्माला आला, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघाला. मामांची सगळी नोकरी दस्त नोंदणीच्या कचेरीत गेली. निवृत्तीनंतर माणसं नातवंडं सांभाळतात, कुंडीत मिरच्या लावतात. मामांनी शिवाजी पेठेतल्या आमच्या मंडळाच्या क्रीडास्पर्धांत एक टेबल धरलं. फोटो छापायचे तर खेळाडूंची लेखी संमती हवी, असं देणगीदारांनी कळवलं होतं. मंडळाने त्यासाठी दोन ओळींचा कागद केला. मामांनी तो वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, "ह्याला कागद म्हणत न्हाईत."

मग त्यांनी स्वतः मसुदा केला. ‘कोणाच्याही दडपणाखाली नसताना, नशापाणी न करता, राजीखुशीने लिहून देतो की...’ अशी त्याची सुरुवात होती आणि शेवट पानाच्या मागे होता. त्यात फोटोची चतुःसीमासुद्धा होती: पूर्वेला कोण उभं, पश्चिमेला कोण, पाठीमागे कोण. शेजारच्याची हरकत निघाली तर फोटो वादात जातो, असं त्यांचं म्हणणं. खाली दोन साक्षीदार. रस्सीखेचीच्या दिवशी दोन्ही संघ दोर टाकून एकमेकांचे साक्षीदार व्हायला रांगेत उभे राहिले, आणि शिट्टी होईपर्यंत त्यांची इतकी दोस्ती झाली की जोर लावायला कुणी तयार होईना. ज्येष्ठांच्या चालण्याच्या शर्यतीला पेठ वडगावहून आलेल्या एका आजोबांनी कागद दोनदा वाचला आणि दबक्या आवाजात विचारलं, "ह्यात माझं रान तर जात न्हाय न्हवं?" मामांनी त्यांना खुर्ची दिली. "पावणं, फकस्त तोंड जातंय. पुन्यांदा वाचा आन् मगच सही करा." आजोबा वाचत बसले आणि तोवर शर्यत संपली.

नाही म्हणणाऱ्याला मामा कारण कधीच विचारत नसत. त्याच्या मनगटाला हिरवी फीत बांधत. फीत दिसली की कॅमेरा खाली, असा हुकूम होता. फोटोग्राफर वैतागायचा, पण मामांच्या तोंडाला कोण लागणार? मी एकदा म्हणालो, "मामा, लोक स्वतःच दिवसभर मोबाईलवर आपले फोटो टाकतात."

"त्ये टाकत्यात. आपण न्हाय टाकायचं."

गेल्या वर्षी महिलांच्या शर्यतीत नेसरीहून लग्न होऊन पेठेत आलेली एक बाई पहिली आली. चाळिशीची, दोन पोरांची आई. धावण्याआधी टेबलापाशी येऊन तिने मामांना हळूच सांगितलं होतं, "मामा, घरात ठाव न्हाय. देवळात जातो म्हणून येतो. सासऱ्यास्नी कळलं तर पळणं बंद हुईल माझं." मामांनी फीत बांधली आणि एक गाठ जास्तीची मारली. तरीही फोटोग्राफरने नेमका तिचाच फोटो टिपला. दोन्ही हात वर, तोंडभर हसू, आणि मनगटावर ती हिरवी फीत. मंडळाच्या अध्यक्षांना तो इतका आवडला की त्यांनी कुणाला न विचारता फ्लेक्सवर घातला, स्वतःच्या फोटोच्या खालोखाल. फ्लेक्स लागणार होता चौकात, आणि तिचे सासरे रोज सकाळी त्याच चौकातल्या कट्ट्यावर ताजं दूध प्यायला येत.

भल्या सकाळी बांबू उभे करायचं काम चाललं होतं, तेव्हा मामा आले आणि फ्लेक्सच्या गुंडाळीवर मांडी घालून बसले.

"मामा, उठा की! एवढा भारी फोटू परत गावायचा न्हाय," अध्यक्ष म्हणाले.

"बाईनं न्हाय म्हटलंय."

"अवो, कौतुकच करालोय की तिचं!"

"कौतुक बी इचारून करायचं असतंय."

अध्यक्ष आधी वयाचा मान ठेवून बोलले, मग न ठेवता बोलले. मामा हलले नाहीत. शेवटी समोरच्या शिंप्याकडून कात्री आली आणि मामांनी आपल्या हाताने तिचा फोटो चौकोनी कापून घेतला. पुढे महिनाभर अध्यक्षांच्या हनुवटीखालच्या त्या भोकातून मागचं चहाचं दुकान दिसत होतं. सासऱ्यांनी त्याच फ्लेक्सखाली उभं राहून रोज दूध प्यायलं.

तो तुकडा मामांनी तिला दिला, तेव्हा मी त्यांच्याच घरी होतो. तिने तो पलंगावर पसरला आणि पदर तोंडाला लावला. "आगं बया! कसली पळालोय की मी!" मग नीट गुंडाळून तिने तो मामांच्या हातात परत दिला. "तुमच्याकडंच ऱ्हाऊ द्या, मामा. घरात कुठं ठेवू?"

ती अजून धावते. फोटो मामांच्या कपाटात असतो. सणावाराला ती मामींना भेटायला म्हणून येते आणि तो मागून घेते. तेवढा वेळ मामा बाहेर पायरीवर येऊन बसतात. मी असलो तर मलाही हाताला धरून बाहेर आणतात. एवढ्या मोठ्या गावात स्वतःचं हसणं बघायला तिला दुसऱ्याच्या घरी यावं लागतं, याचं मला फार वाईट वाटतं. आत कपाटाचं दार लागल्याचा आवाज आला की मगच मामा उठतात.