ठिबकवरची टर्बो

"केळीले पुरस ना थेंब थेंब पानी? मंग हिले तेल का बरं पुराव नही?"

बॉनेटमध्ये कमरेपर्यंत वाकलेले आमच्या शेजारचे आबा मोटारीशीच बोलत होते. मी कुंपणाच्या अलीकडे कपडे वाळत घालत होते आणि काहीच ऐकू आलं नाही असं दाखवत होते.

जगातली प्रत्येक वस्तू चुकीच्या जागी जन्माला आली आहे आणि तिला योग्य जागी नेऊन बसवणं हे आपलं काम आहे, असं मानणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही. पिंप्राळ्यातल्या त्यांच्या घरात पडदे सायकलच्या चेनवर सरकत आणि देवघरातला दिवा मोटारीच्या हेडलाइटच्या काचेआड तेवत असे. केळीची शेती चोपड्याकडे होती. तिथलं काहीही, कधीही घरात येई. नवी वस्तू विकत घेणं म्हणजे त्यांना हार मानल्यासारखं वाटे. "पैसा टाका का डोकं झोपस," ते म्हणत.

जुन्या डिझेल मोटारीला टर्बो बसवायची हे मात्र त्यांनी अक्कांसाठी, म्हणजे बायकोसाठी, ठरवलं होतं. अक्कांचं माहेर धुळ्याच्या पलीकडे, लळिंगचा घाट चढून. घाटात मोटार दमायची, सगळ्यांना उतरावं लागायचं आणि दुखरा गुडघा दाबत अक्का चढ चालायच्या. एकदा मागून आलेला ट्रकवाला म्हणाला, "मावशी, बसा माझ्याकडे. तुमची ही म्हातारी गाडी येईल मागून." अक्का हसल्या, आबा हसले नाहीत. भाच्याच्या लग्नाला अक्का बसूनच घाट चढतील, एवढंच ते घरी येऊन म्हणाले.

टर्बो म्हणजे इंजिनाच्या धुराच्या जोरावर फिरणारा पंखा. तो इंजिनात जास्त हवा कोंबतो आणि गाडीला बळ येतं. आबांनी धुळ्याच्या भंगार बाजारातून एका उलटलेल्या ट्रकची टर्बो मिळवली आणि गोणपाटात गुंडाळून, मांडीवर घेऊन एसटीनं आणली. कंडक्टरनं विचारलं तेव्हा म्हणे सांगितलं, "हळू बोला, झोपेल शे." मग तिला मोडक्या स्कूटरचा सायलेन्सर, शेतातल्या पंपाचा रबरी पाइप आणि गोडेतेलाच्या डब्याचा पत्रा जोडला गेला. ती पहिल्यांदा फिरली तेव्हा अशी शिट्टी वाजली, की गल्लीतल्या चार बायका कुकर बंद करायला आत धावल्या.

टर्बोबरोबर एक फाटकी इंग्रजी पुस्तिका आली होती. मी इंग्रजी शाळेतली, म्हणून ती वाचायला मला बोलावणं आलं. लोकांत बोलणं मला जमत नसे, वाचणं जमे. मी एकेक ओळ वाचून मराठीत सांगायची, आबा स्क्रू पिळत हुंकार द्यायचे. असं करत मी तेलाच्या पानावर आले. तेल इंजिनातूनच, दाबानं आणि सतत आलं पाहिजे, असं तिथं स्वच्छ लिहिलं होतं. नेमकी तेव्हाच आबांची ठिबकची नळी बसवून झाली होती. वर तेलाचा डबा, मध्ये केळीच्या शेतातली काळी नळी, खाली टर्बो, आणि एकेक थेंब. पहिला नंबर आलेल्या मुलासारखं त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"काय म्हनस पुस्तक?"

"तेल लागतं म्हणतंय," मी म्हणाले आणि पान उलटलं.

लग्नाला मीही त्यांच्याबरोबर गेले. सपाटीवर टर्बोला फारसं काम नव्हतं. घाट लागला तशी शिट्टी वाजू लागली आणि आम्ही चक्क एक ट्रक मागे टाकला. अक्कांनी पदर सावरून त्या ट्रकवाल्याकडे असं पाहिलं, जणू तो मागच्या वेळचाच. दोन वळणं त्या राणीसारख्या बसून चढल्या. तिसऱ्या वळणावर शिट्टी किरकिरली, काळा धूर आला आणि मोटार थांबली. अक्का उतरल्या आणि गुडघ्यावर हात ठेवून उभ्या राहिल्या.

आबांनी बॉनेट उघडलं. पंखा जाम झाला होता.

"पुस्तक वाचीनच बसाडं व्हतं ना?" अक्कांनी हळूच विचारलं.

"पोरनी पानन् पान, बठ्ठं वाची दाखाडं," आबा म्हणाले. "तिनी काय चूक? मन्हंच डोकं कमी पडनं."

आबा आता नाहीत. पण तसा विश्वास माझ्यावर पुन्हा कुणी टाकलेला मला आठवत नाही. त्या दिवशी मी मोटारीच्या दाराला पाठ टेकवून उभी होते, आणि कुणी विचारलं नसताना पहिल्यांदाच बोलले.

"आबा, एक ओळ मी वाचून दाखवली नव्हती. तेल दाबानं लागतं, थेंबानं नाही. तुम्ही इतके खुशीत होतात."