सात-चार-एक

गुणाबाईनं तीस वर्षं मंडईत भाजी विकली आणि तीस वर्षं दिवसा पाणी प्यायलं नाही. पहाटे संकेश्वरजवळच्या गावातून निघायचं, दिवेलागणीला परतायचं. मधे लघवीला जायचं कुठं? बायकांसाठी म्हणून बांधलेली खोली मंडईत होती, पण तिला कुलूप ठेकेदार नागेंद्रचं, आणि आत निम्म्या जागेत त्याची बटाट्याची पोती. किल्ली मागायला गेलं की तो चारचौघांत विचारायचा, "मगाशीच गेलतीस की आक्का, परत कशाला?" त्याची माणसं खिदळायची. बायका माना खाली घालून माघारी यायच्या. मेल्याला लाज म्हणून नव्हती.

यंदा गुणाबाईला दुसऱ्यांदा मूतखडा झाला. डॉक्टरांनी बजावलं, दिवसभर भरपूर पाणी प्या, नाहीतर मूत्रपिंड हातचं जाईल. ती दवाखान्यातून सरळ मंडईत आली, तराजूतलं दोन किलोचं वजन उचललं आणि नागेंद्रचं कुलूप फोडलं. बायकांनी पोती बाहेर ओढली.

चाळीस बायकांना चाळीस किल्ल्या कोण देणार? म्हणून सून रूपालीनं तीन आकड्यांचं कुलूप आणलं. सगळ्यांच्या लक्षात राहावं म्हणून एक-दोन-तीन लावलं. दुसऱ्या दिवशी आत पुन्हा पोती! मग तीन शून्यं लावली. तीही त्याला सापडली.

गुणाबाईचं डोकं फिरलं. "आमच्या ध्यानात ऱ्हाईल आन् त्येच्या डोस्क्यात येनार न्हाय, असला आकडा पायजे," ती म्हणाली, आणि एकदम थांबली. नागेंद्रची बायको यशोदा रोज तीन लेकरांना घेऊन याच मंडईतून शाळेला जायची. तेजस्वी सातवीला, सौरव चौथीला, धाकटा साईराज पहिलीला. त्यांना चालताबोलता येण्याआधीपासून या बायकांनी त्यांच्या हातावर काकड्या, गाजरं ठेवली होती. सात, चार, एक. एकाही बाईला दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही.

नागेंद्र तीन दिवस कुलपाशी झगडला. चौथ्या दिवशी गुणाबाईसमोर येऊन उभा राहिला. "आकडा सांग, न्हाईतर उद्यापास्नं हितं बसायचं न्हाय."

"तुझी लेकरं कितव्या यत्तेत हायत रं? थोरल्यापास्नं सांग. त्योच आकडा."

रूपालीनं कपाळावर हात मारला. आता सगळं गेलं! पण नागेंद्र हसला, बोटांवर मोजायला लागला आणि दुसऱ्याच बोटाशी अडकला. मंडईभर बायका उठून बघत होत्या. रागानं लालबुंद होऊन त्यानं बायकोला फोन लावला आणि गलक्यात ऐकू यावं म्हणून फोन स्पीकरवर टाकला.

"यशोदा, पोरं कितवीला हायत गं?"

यशोदानं उलट विचारलं, "कशाला पायजे?"

"त्या बायकांच्या कुलपाचा आकडा हाय त्यो. सांग बिगीनं!"

"एवढ्या वर्सात आज पयल्यांदा इचारलासा," यशोदा म्हणाली. "ते बी कुलूप काडायला. न्हाय सांगनार. मी बी मंडईला येते. मला बी लागती ती खोली."

फोन बंद झाला. नागेंद्र हातात फोन धरून तसाच उभा होता. गुणाबाईनं त्याच्या तोंडाकडे बघत पाण्याचा तांब्या उचलला आणि भर दुपारी, घटाघटा, सगळा रिकामा केला.