बिनठशांचा माणूस

जगात कुठल्याही दोन माणसांच्या बोटांचे ठसे सारखे नसतात, असं आमच्या सरांनी सांगितलं आणि त्या दिवसापासून आमच्या चाळीत कुणाची बोटं सुखात राहिली नाहीत.

तेव्हा मी परळच्या एका मराठी शाळेत आठवीत होते. विज्ञानाच्या सरांचा मेहुणा पोलिसांत ठसे तपासायला होता. त्याच्याकडून ऐकलेलं सगळं सर शनिवारी शाळा सुटल्यावर आम्हा सातआठ जणांना शिकवायचे. पेन्सिलीचं शिसं ब्लेडने किसायचं, त्या भुकटीत बोट घोळवायचं, वरून चिकटपट्टी दाबायची आणि सोलून पांढऱ्या कागदावर लावायची. झाला ठसा! गोल भोवरा दिसला तर चक्र, रेषा एका बाजूला वळल्या तर शंख. हे शंख-चक्र चाळीतल्या बायकांना माझ्याआधीपासून ठाऊक, त्यामुळे मी भिंग घेऊन दारात उभी राहिले की त्या आपलं भविष्यच विचारायच्या. मीही बिनदिक्कत सांगायचे. शेजारच्या काकूंना परदेशगमन सांगितलं, तर त्यांनी वाटीभर तिसऱ्यांचं, म्हणजे शिंपल्यांचं, सुकं दिलं.

सरांचा एकच नियम कडक होता. एकदा घेतलेला पुरावा पुन्हा हाताळायचा नाही. तारीख घालायची आणि पाकिटात बंद करून सरांकडे द्यायचा.

बाबांची पाळी आली ती जानेवारीत, गिरणीचा संप सुरू झाल्याच्या पहिल्याच आठवड्यात, कारण एरवी ते दुपारचे सापडायचेच नाहीत. "काय गो, आता माझोच हात गावलो तुका?" म्हणत त्यांनी अंगठा पुढे केला. मी पट्टी सोलली आणि बघते तर काय, नुसता काळा डाग! शंख नाही, चक्र नाही, एक रेघ नाही. बाबा सूत कातायच्या खात्यात होते. तुटलेला धागा चिमटीत धरून सांधायचा, दिवसभर, वर्षानुवर्षं. सुताने त्यांची बोटं घासून पार गुळगुळीत केली होती. मला इतका आनंद झाला की मी ओरडतच जिना उतरले. माझ्या बाबांनी बँक लुटली असती तरी ते कुणाला सापडले नसते!

सरांना पटेना. "पट्टी हलली असेल तुझी," ते म्हणाले. मागच्या बाकावरचा एक मुलगा "थापाडी!" म्हणून ओरडला आणि सगळे फिदीफिदी हसले. माझं डोकंच फिरलं. दिवाळीनंतरच्या विज्ञान प्रदर्शनात बाबांनाच आणून उभं करते, मग बघा, असं मी सगळ्यांसमोर बोलून बसले. आता माझी सगळी अब्रू बाबांच्या अंगठ्यावर होती.

मे गेला, गणपती गेले, मी नववीत आले. बाबा रोज गिरणीच्या गेटवर जायचे आणि परत येऊन म्हणायचे, "फुडल्या म्हयन्यात भोंगो वाजतलो." मग बसून तांदूळ निवडायचे, आईपेक्षा सुबक बोंबील साफ करायचे, माझ्या वेण्या घालायचे. मला तर चैनच वाटायची. प्रदर्शनासाठी पुठ्ठ्यावर लाल रंगाने 'बिनठशांचा माणूस' ही अक्षरंही त्यांनीच रंगवली. मी त्यांच्या अंगठ्याला बोटही लावलं नाही. नियम म्हणजे नियम.

त्या दिवशी बाबांनी तांब्यात निखारे घालून शर्टाला इस्त्री केली. "नवरदेव निघाले," आई म्हणाली. शाळेच्या हॉलमध्ये आमच्या टेबलाभोवती ही गर्दी! तो थापाडी म्हणणारा मुलगा सगळ्यांत पुढे. मी जादूगारासारखे हातवारे करत बाबांचा अंगठा भुकटीत घोळवला, पट्टी सोलली, कागदावर लावली.

चक्र. सुरेख, ठसठशीत चक्र.

हॉल हसून हसून कोसळला. मी दुसरा अंगठा घेतला, मग सगळी बोटं. प्रत्येकावर रेषा! मला रडूच फुटणार होतं. सर भिंग घेऊन वाकले आणि हसायचे थांबले.

"घरी किती महिने झाले तुम्हाला?" त्यांनी बाबांना विचारलं.

"धा."

सरांनी कपाटातून माझं जुनं पाकीट काढलं, तो काळा डाग आणि हे चक्र शेजारी शेजारी ठेवले. काम थांबलं की झिजलेली कातडी पुन्हा भरते, रेषा परत येतात, असं त्यांनी सगळ्यांना समजावलं. "पोरगी खरं बोलत होती. आजचा सगळ्यांत चांगला प्रयोग हाच." मी टाळ्या पिटत उड्या मारल्या. त्या मुलाला मी जीभही दाखवली. एक बाई म्हणाल्या, "अहो, अंगठ्यावर चक्र म्हणजे राजयोग!" त्यावर बाबाही हसले. मग अंगठा उजेडात धरून ते बराच वेळ बघत राहिले.

"काय झालं?" घरी आल्यावर आईने विचारलं.

"पोरगी पयली इली," बाबा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते गेटवर गेले नाहीत. भोंगा पुढल्या महिन्यात वाजणार, हे त्यांच्या तोंडून मी पुन्हा कधी ऐकलं नाही. पुरावा त्यांना मीच दिला होता. तारखेसकट, उड्या मारत.