डेल्बर्टची हॅट

सिनेमातला माणूस गाडीसकट नदीत पडतो आणि पुढच्या शनिवारी इस्त्रीच्या विजारीत उभा राहतो, याची मला जी शिसारी आली ती अजून गेलेली नाही. नातवंडं म्हणतात, आजी, सगळं खोटंच असतं की. असतं, मला ठाऊक आहे. पण त्यातला एक माणूस खरा पडला होता. तो माझा थोरला भाऊ, डेल्बर्ट क्राउस.

ओहायो नदीच्या काठी आमचं गाव चिनीमातीच्या भट्ट्यांवर जगायचं. मी तिसरीतून शाळा सोडली आणि कपांना कान चिकटवायला लागले. डेल्बर्टनं कान चिकटवले नाहीत, माती मळली नाही. तो लहानपणापासून पडायचा. भट्टीच्या छपरावरून, होडीवरून, सफरचंदाच्या झाडावरून. पडायचा, उठायचा, आणि कोणी बघितलं का म्हणून आधी चारी दिशांना बघायचा. आई म्हणायची, "इतरांची पोरं चालायला शिकली. माझं पोरगं पडायला शिकलं." पुढे तो कॅलिफोर्नियाला गेला आणि तेच काम करून पोट भरू लागला. देखण्या नटांच्या वाटचं पडायचं. तोंड त्यांचं, हाडं याची.

मग एका वसंतात तो कुबडी घेऊन आगगाडीतून उतरला. खुबा मोडला होता आणि वाकडा जुळला होता. आईनं शेंगांची उसळ आणि मक्याचा पाव वाढला. दोन घास पोटात गेल्यावर त्यानं सांगितलं.

पेपरात रोज चित्रांच्या चौकटींतून येणारा डिटेक्टिव्ह ब्रॉक टॅलमन तेव्हा घराघरांत होता. मला अक्षरं सावकाश लागायची, पण चित्रं मी वाचायचे. वाकड्या नाकाचा, थकलेला माणूस. त्याला गोळी लागली की तो महिनाभर खाटेवर पडून असायचा, पाय वर टांगलेला, बायको चमच्यानं सूप पाजतेय. म्हणून मला तो आवडायचा. त्याच्यावरून सिनेमा काढला होता, दर शनिवारी एक तुकडा दाखवायचा तसला. टॅलमनचे कपडे घालून गाडी नदीवरच्या धक्क्याच्या टोकापर्यंत हाणायची आणि अगदी शेवटी दार उघडून बाहेर उडी मारायची, असं डेल्बर्टचं काम होतं.

"दारच उघडेना," तो म्हणाला. "मग मी, गाडी, सगळेच गेलो. हॅट तेवढी शहाणी. खिडकीतून उडून वर राहिली."

"आणि ते लोक काय म्हणाले?" आईनं विचारलं.

"दवाखान्यात संत्री घेऊन आले. म्हणाले, फारच सुंदर उतरलंय चित्र. संत्रीसुद्धा आंबट निघाली."

आमच्या कारखान्यात फाटकावरचा म्हातारा तेव्हा काम सोडणार होता. बसायचं काम, शेगडीशेजारी. वाकड्या खुब्याच्या माणसाला दुसरं काय झेपणार? मुकादम मिस्टर हॉकेन्स्मिथच्या हातात ते होतं. मी त्याला विचारलं तर तो न्हाव्याच्या खुर्चीतून, तोंडाला फेस लावलेला असताना म्हणाला, "एफी, कॅलिफोर्नियाहून आलेला आणि मासे धरून आलेला, दोघांचं ऐकून घ्यावं, खरं मानू नये. फाटकावर मला खरं बोलणारा माणूस हवा. सिनेमा येऊ दे इथं. बघू."

सिनेमा आला. आमचं थेटर म्हणजे काय सांगू! खाली पाय चिकटायचे. शिळ्या लोण्याचा, ओल्या लोकरीचा आणि तंबाखूच्या थुंकीचा असा वास की रुमाल नाकाला लावला तर रुमाल वाया. मालक मिस्टर झेलर. दुसऱ्या गावांत थेटरवाले बायकांना बशा फुकट वाटत, म्हणून त्यानंही एकदा बशा वाटल्या. आमच्या गावात! आमच्याच भट्टीतल्या नाकारलेल्या! बायकांनी जाताना त्या त्याच्याच पायरीवर रचून ठेवल्या.

पडद्यावरचा टॅलमन बघून माझं डोकंच फिरलं. नाक सरळ केलेलं, बायको गायब, केस तेलानं चापून बसवलेले. पेपरातला माणूस कुठे नेऊन पुरला देव जाणे, आणि त्याच्या नावानं हा शिंप्याच्या दुकानातला पुतळा फिरत होता. तरी आम्ही दर शनिवारी दुपारी जाऊन बसायचो.

सातव्या तुकड्याच्या शेवटी ती गाडी आली. धक्क्यावरून सुसाट. दाराला आतून कोणीतरी खांदा मारत होतं, ते दिसलं. गाडी कलली, खिडकीतून हॅट उडाली आणि पाणी वर आलं. पडदा पांढरा झाला. मग फ्लॉइड पेट्री, आमचा खाटीक, मागे वळून ओरडला, "डेल्बर्ट! लेका, तू खरंच गेलास की रे खाली!"

आठवडाभर माझा भाऊ राजा होता. पेट्रीनं घरी मटणाचा तुकडा पाठवला. न्हाव्यानं फुकट दाढी केली. आणि हॉकेन्स्मिथनं पाठीवर थाप मारून सांगितलं, "पुढच्या सोमवारपासून फाटकावर ये." आईनं डेल्बर्टचा जुना कोट उन्हात टाकला.

मधे शनिवार होता.

आठवा तुकडा सुरू झाला. तोच धक्का, तीच गाडी. आणि टॅलमननं दार उघडलं. सहज, पाहुण्यासाठी उघडावं तसं. बाहेर उतरला, एक कोलांटी घेतली, उभा राहून बाही झटकली. हॅट डोक्यावर जशीच्या तशी. गाडी रिकामीच पाण्यात गेली, आणि खिडकीतून काही उडण्याआधीच चित्र बदललं.

आधी एक जण हसला. मग सगळे.

"डेल्बर्ट, अरे, तू तर आधीच उतरलास!"

"मग खुबा कुठे मोडला रे, दारू पिऊन जिन्यावर?"

मी उठून उभी राहिले. "मागच्या शनिवारी काय बघितलंत तुम्ही? डोळे घरी ठेवून आला होतात?"

"मागच्या शनिवारी अर्धंच दाखवलं होतं, एफी," पेट्री म्हणाला. "आज पूर्ण दाखवलं."

ज्याचं मटण आम्ही खाल्लं होतं, तो हे बोलला. सिनेमावाले लांबचे, खोटं बोलणं त्यांचा धंदा. पण आपल्या डोळ्यांनी बघितलेलं एका शनिवारात बदलून घेणाऱ्या माणसांत मी जन्मले, वाढले, त्यांच्या कपांना कान लावले!

बाहेर हॉकेन्स्मिथ भेटला. आमच्याकडे न बघता म्हणाला, "सोमवारचं राहू दे, डेल्बर्ट. फाटकावर विश्वासाचा माणूस लागतो."

घरी जाताना डेल्बर्ट एवढंच बोलला. "विजार बघितलीस त्याची? धक्क्यावर लोळून उठला आणि घडी मोडली नाही." आणि रस्त्याच्या कडेला थुंकला. त्यानंतर तो थेटरात आला नाही, न्हाव्याकडेही गेला नाही. आईच त्याची दाढी करायची. ओसरीत बसून वाटाणे सोलायचा. कोणी जाताना "उडी मार रे!" म्हणालं तर मान वर करायचा नाही.

मी मात्र जात राहिले. चिडीचीसुद्धा सवय लागते. पुढच्या प्रत्येक तुकड्यात तो पुतळा मरायचा आणि पुढच्या शनिवारी भांग पाडून यायचा, आणि मी खुर्चीत बसून दात खायचे.

शेवटच्या तुकड्यात दरोडेखोरांचा म्होरक्या मरायचा होता. तो टकल्या. पहिल्या शनिवारापासून त्याचं ते तुळतुळीत डोकं दिव्याखाली चमकायचं, त्यावरून तो हात फिरवायचा. टोपी नाही, हॅट नाही, काही नाही. तर हा टकल्या पळाला, टॅलमनची गाडी चोरून. मागून गोळ्या. आणि पुढे आला धक्का. तोच. मी ओळखला. पैसे वाचवायला त्या लोकांनी जुनीच फिल्म पुन्हा चिकटवली होती. दाराला आतून खांदा बसला, गाडी कलली, आणि खिडकीतून हॅट उडाली.

पोरं टाळ्या वाजवत होती. मोठी माणसं हळूहळू थांबली.

"टकल्याकडे हॅट कुठून आली?" पेट्री म्हणाला.

माझ्या मागून न्हाव्याची म्हातारी आई ठणकावून बोलली, "डेल्बर्टची आहे ती. तेव्हाही उडाली होती. मी तेव्हाच सांगत होते घरात, पण माझं ऐकतंय कोण!"

हॉकेन्स्मिथ माझ्या पुढच्या रांगेत होता. त्याची मान मागून लाल होत गेली, भट्टीतल्या विटेसारखी. यावेळी गाडीतून कोणी आधी उतरलं नाही. उतरवायला पुढचा शनिवारच नव्हता ना.

सगळी वरात आमच्या ओसरीवर आली. डेल्बर्ट वाटाणे सोलत होता.

"डेल्बर्ट, तू खरंच पडलास रे!"

"हो का?" तो म्हणाला. "या खेपेला कोण म्हणून मेलो?"

"टकल्या म्हणून."

"चला. सज्जन म्हणून मेलो ते टिकलं नाही. दरोडेखोर म्हणून टिकलं."

हॉकेन्स्मिथ हॅट हातात धरून पुढे झाला. "मी काय म्हणत होतो, माणसानं शेवटपर्यंत बघायला हवं." ऐकून आई उठून आतच गेली. तिच्या हातून काहीतरी फुटल्याचा आवाज आला. "तर सोमवारी ये तू फाटकावर."

मला वाटलं, डेल्बर्ट वाटाण्यांची पाटी त्याच्या तोंडावर मारील. मी मारली असती. पण पाटी मारून हिवाळ्यात शेगडी मिळत नाही. तो सोमवारी गेला.

कारखान्यात शिरताना कामगारांनी आपला पितळी बिल्ला दाखवायचा असा नियम होता. मुकादमाला कोणी विचारत नसे. डेल्बर्टनं पहिल्याच सकाळी कुबडी आडवी धरली.

"मिस्टर हॉकेन्स्मिथ, बिल्ला."

"डेल्बर्ट! रोज बघतोस मला. परवाच तुझ्या ओसरीवर नव्हतो का?"

"होतात. पण काय सांगावं, परवा अर्धंच दाखवलं असेल."

कामाला जाणाऱ्या आम्ही सगळ्या तिथंच थांबलो. हॉकेन्स्मिथला कोटाची बटणं काढून आतला बिल्ला वर करावा लागला. दुसऱ्या दिवशीही. तो म्हातारा होऊन घरी बसेपर्यंत, बर्फ असो, पाऊस असो, रोज.