सहाशे घोडे आणि कापसाची ट्रॉली

तिसऱ्या गिअरचे तुटलेले दात मी ताटलीत काढून टेबलावर ठेवले, तर विक्रांतने आधी त्यांचा फोटो काढला. गाडीवेड्या मित्रांच्या ग्रुपवर टाकायला. गिअर मोडल्याचा इतका अभिमान मी क्वचितच पाहिला असेल. तो अभिमान उतरवला सोबत आलेल्या त्याच्या मामांनी.

"मॅडम, अण्णांनी सांगून ठेवलंय. ह्याच्या फुडं गिअरबॉक्स गेला तर गाडी इकायची."

अण्णा म्हणजे विक्रांतचे वडील. सिल्लोडला त्यांचं जिनिंग आहे, म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढायचा कारखाना. या गाडीने आधीही एक गिअरबॉक्स खाल्ला होता. अण्णांच्या घरात दोन चुका माफ होत्या, तिसरीला जागा नव्हती.

वाळूजच्या कारखान्यात मी बरीच वर्षं गिअरबॉक्स डिझाइन केले. आता पडेगावला माझं स्वतःचं वर्कशॉप आहे. मामा आले तेव्हा त्यांनी "साहेब कुठंयत?" असं विचारलं होतं. मीच साहेब आहे हे कळल्यावर त्यांनी चहा घेतला आणि लगेच सल्ला द्यायला सुरुवात केली. ट्रॅक्टरचा गिअरबॉक्स लई मजबूत असतो, तोच बसवा. मी म्हटलं, मजबूत असतो खरा, पण तो रमतगमत फिरायला बनवलेला असतो. या इंजिनच्या वेगाला तो बसवला तर त्याचे तुकडे उडताना आपण तिघंही वर्कशॉपबाहेर उभे राहून बघू. मामांना हे पटलं नाही, पण त्यांनी दुसरा चहा घेतला.

गंमत बाजूला ठेवते. विक्रांतने ते इंजिन स्वतःच्या हाताने बांधलं होतं. टर्बो बसवून सहाशे हॉर्सपॉवर काढली होती आणि काम अगदी स्वच्छ होतं. शिकायला ठेवलेल्या कॉलेजात त्याने जे केलं नाही, ते सगळं या बॉनेटखाली केलं होतं. गाडी विकली गेली असती तर पोरगं आतून मोडलं असतं. म्हणून मी हे काम घेतलं.

आता निवडीचा प्रश्न. लोक हॉर्सपॉवरचा आकडा सांगतात, पण गिअर मोडतो टॉर्कने, म्हणजे इंजिनच्या पिळण्याच्या जोराने. हा जोर वाढला की गिअरबॉक्समधले दोन शाफ्ट, म्हणजे गिअर पेलणारे दांडे, एकमेकांना दूर ढकलू लागतात. बाहेरचं कवच, म्हणजे केसिंग, किंचित फुगतं. मग दात पूर्ण रुंदीने भिडत नाहीत, टोकाटोकाने भिडतात, आणि तुटतात. आधीच्या वेळी विक्रांतने जाड गिअर बसवले होते, केसिंग मात्र जुनंच ठेवलं होतं. भिंत पोकळ ठेवून दाराला मोठं कुलूप लावण्यातला हा प्रकार.

ग्रुपचा निकाल मात्र आधीच लागला होता. डॉग बॉक्सच हवा. साध्या गिअरबॉक्समध्ये पितळी कडी असते, तिला सिंक्रो म्हणतात. ती दोन गिअरचा वेग जुळवते आणि मग त्यांची गाठ घालून देते. डॉग बॉक्समध्ये ही मध्यस्थी नसते, मोठाले दात थेट एकमेकांत घुसतात. गिअर झटक्यात, न घाबरता टाकावा लागतो. हळू टाकला की दातांची टोकं झिजून गोल होतात.

"तू चालव, मी शेजारी बसते," मी विक्रांतला म्हटलं.

दौलताबाद रोडला आम्ही एक फेरी मारली. सहाशे घोड्यांचा हा मालक गिअर असा टाकत होता, जणू झोपलेल्या बाळाची कूस बदलतोय. मी परत येऊन सांगितलं की डॉग बॉक्स तुझ्या हातात महिनाभरही टिकणार नाही. तो म्हणाला, ग्रुपवाले हसतील. मी म्हटलं, हसू दे, ग्रुपवाल्यांची गाडी विकली जाणार नाहीये.

शेवटी सिंक्रोचाच बॉक्स ठरला. तिसरा आणि चौथा गिअर रुंद, तिरक्या दातांचे. केसिंग नवीन, जाड. शाफ्ट वाकू नयेत म्हणून मधोमध एक जादा बेअरिंग. गाडी देताना बजावलं की सुरुवातीला सावकाश चालव, नवे दात एकमेकांना सरावले पाहिजेत, मग तेल बदलू. विक्रांतने मान डोलावली. त्याने ऐकलंही. घोटाळा करणारा दुसराच निघाला.

काही दिवसांनी दुपारी मामांचा फोन आला. गाडीखालून धूर निघायलाय, अण्णा म्हणतेत गिअरबॉक्स गेला.

घडलं होतं ते असं. जिनिंगच्या आवारात वजनकाट्याजवळ कापसाने भरलेली ट्रॉली खड्ड्यात रुतली. ट्रॅक्टर दुसरीकडे गेलेला. अण्णांनी पोराच्या गाडीकडे बघितलं आणि साधा हिशेब मांडला. ट्रॅक्टर पन्नास घोड्यांचा, ही सहाशे घोड्यांची. लावा साखळी. विक्रांतने हातापाया पडून नकार दिला. तेव्हा अण्णा स्वतः स्टिअरिंगवर बसले, अख्खं आवार बघत असताना. ट्रॉली हलली नाही. क्लच अर्धा दाबून अण्णांनी इंजिन मात्र मनसोक्त ओरडवलं.

गाडी टोइंग करून पडेगावला आली. मागोमाग अण्णाही आले, पांढऱ्या टोपीत, गंभीर चेहऱ्याने. मी गिअरबॉक्स उतरवून उघडेपर्यंत ते उभेच होते. विक्रांत कोपऱ्यात. त्याच्या चेहऱ्याकडे बघवत नव्हतं.

आत गिअर चकचकीत होते. एकाही दाताला धक्का नाही. क्लचप्लेट मात्र चुलीतून काढल्यासारखी काळी.

"खरं सांगा मॅडम," अण्णा म्हणाले. "गेला ना गिअरबॉक्स?"

"नाही. गिअरबॉक्स ठणठणीत आहे. क्लच जळालाय."

"क्लच कशानं जळतो?"

"चालवणाऱ्यामुळे."

 यावर बोलायचा हक्क फक्त विक्रांतला होता, आणि बापाची इज्जत राखून तो बुटांकडे बघत राहिला. त्या क्षणी मला तो पोरगा फार आवडला. अण्णांनी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग त्या काळ्या प्लेटकडे.

"बोली गिअरबॉक्सची झाली व्हती," ते म्हणाले. "क्लचची नाय. राहू द्या गाडी, इकायची नाय."

विक्रांत तोंड फिरवून बाहेर गेला, आणि डोळे पुसूनच परत आला. आता अण्णा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात की तो क्लच मुळातच डिफेक्टिव्ह होता. मी ते खोडून काढत नाही.

एवढं मात्र शिकले. पूर्वी गिअरबॉक्स निवडताना मी टॉर्क, गाडीचं वजन आणि चालवणाऱ्याचा हात बघायचे. आता आणखी एक विचारते, घरात गाडीची किल्ली दुसऱ्या कुणाच्या हाती लागते का? गिऱ्हाईक जितका वेळ गप्प राहतं, तितका दणकट क्लच मी सुचवते.