सैल पायघोळ

नाटक कंपनीच्या कपडेपटात मास्तर चाळीस वर्षं शिवणाच्या मशीनवर बसले. किडकिडीत नटाला त्यांनी सेनापती केला, पोट सुटलेल्या नायकाला सडपातळ केलं. अंगातलं उणं कापडाने झाकावं तर मास्तरांनीच! पडदा वर गेला की विंगेत उभे राहून ते फक्त शिवणी बघायचे.

नातीला सगळे भिंगरी म्हणत, कारण ती एका जागी ठरत नसे. पाचव्या वर्षी तिच्या खांद्यात कॅन्सरची गाठ निघाली. वर्षभर केमो चालली. मग डॉक्टरबाई म्हणाल्या, "गाठ गेली. पण औषधं जहाल होती. दर तीन महिन्यांनी रक्त-लघवी तपासून घ्या." मास्तरांची लेक दोनदा गेली. नंतर तिने हात जोडले, "बाबा, पुन्हा त्या दारात पाय नको. बरी आहे माझी पोर."

वाढत्या पोरांच्या कपड्यांना मास्तर आत चार बोटं जादा कापड दुमडून ठेवायचे आणि दरवर्षी एक दुमड उसवायचे. भिंगरी आठ वर्षांची झाली, तेव्हा त्यांनी उसवायला कात्री घेतली आणि थांबले. गेल्या वर्षीची पँट घोट्यावर बरोबर बसत होती. टेप लावली, तर मापही गेल्या वर्षीचंच.

"टेप ताणलीय," ते पुटपुटले. जुनी टेप ताणली की माप कमी दाखवते, हे शिंप्याला सांगावं लागत नाही. त्यांनी नवी टेप आणली. मापात एका दोऱ्याचाही फरक पडला नाही. आणि मांडीपासून घोट्यापर्यंत टेप सोडली, तर गुडघा बाहेरच्या बाजूला सुटून दिसला.

लेकीला सांगायला ते दोनदा तिच्यासमोर बसले. दोन्ही वेळा ती हसत होती. इतक्या दिवसांनी हसत होती. मास्तर उठले आणि भिंगरीला सैल पायघोळ विजार बेतली. पाय सरळ दिसू लागले.

भिंगरी दिवसभर कपडेपटात त्यांच्याजवळ बसे. तांब्यामागून तांब्या पाणी पिई आणि मोरीकडे पळे. इस्त्रीवाला हसायचा, "मास्तर, नात आहे की उंट?" मास्तरही हसायचे. कात्री मात्र हातात तशीच राहायची.

तीन महिने असेच गेले.

एका दुपारी तालमीच्या मध्यंतरात भिंगरी स्टुलावरून उठली आणि डुलत डुलत चालू लागली. नट्यांनी टाळ्या पिटल्या. "हुबेहूब बदक! मास्तर, पोरगी नाव काढणार बरं का!"

भिंगरी गोंधळून थांबली. "मी नक्कल नाही करत, आजोबा. पाय दुखतात म्हणून अशी चालते."

टाळ्या विरल्या. मास्तरांनी मशीनवर झाकण घातलं, तिला कडेवर घेतलं आणि थेट लेकीच्या ऑफिसात गेले. "आत्ताच्या आत्ता दवाखान्यात चल."

डॉक्टरबाईंनी विजार गुडघ्यापर्यंत वर सारली. रक्त घेतलं, लघवी घेतली, पायांचा एक्स-रे काढला. रिपोर्ट यायला संध्याकाळ झाली.

"गाठ परत आलेली नाही," बाई म्हणाल्या. लेकीने श्वास सोडला. "पण केमोतल्या एका औषधाचा मूत्रपिंडांना मार बसलाय. अंगाला लागणारे क्षार लघवीवाटे वाहून जाताहेत. म्हणून ही तहान, म्हणून उंची खुंटली, म्हणून हाडं मऊ पडून वाकली."

"बरी होईल ना?" लेकीने विचारलं.

"क्षार औषधांनी भरून काढू. हाडं बरीचशी सावरतील. मूत्रपिंडं किती उरलीत आणि किती टिकतील, ते आज नाही सांगता येत." बाईंनी कागद खाली ठेवला. "लवकर आला असता तर बरं झालं असतं. पाय एका रात्रीत असे होत नाहीत. घरात कुणालाच दिसलं नाही?"

"कधीच नाही," लेक रडवेली झाली. "मी आई आहे हो तिची, मला दिसलं नसतं का?"

मास्तर भिंतीला टेकून उभे होते. सगळ्या आयुष्यात त्यांच्या वाट्याला रंगमंचावरचं एक वाक्यही आलं नव्हतं.

"मला दिसलं होतं," ते म्हणाले. "तुला दिसू नये म्हणून मीच तसं शिवलं."

लेकीने हळूहळू मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं.